सोळा इंचाचं कडं

प्राचार्य म्हणाले, शुक्रवारपर्यंत यादी द्या, गुल्हानेबाबू.
पन्नास वर्षांतले पाच सर्वश्रेष्ठ बास्केटबॉलपटू.
फ्लेक्सवर फोटोंचे चौकोन आखून झालेत,
पाचच.

घाटंजीच्या या कोर्टावर मी एकतीस वर्षं स्कोअर लिहिला.
टेबल ग्रंथालयाचं, शिट्टी माझी.
सात वह्या वाळवीनं वाचून काढल्या,
शहात्तर ते ब्याऐंशी जे खेळले
त्यांची बाजू आता तिलाच ठाऊक.

पाचवा देवानंद मेश्राम, यावर भांडण नाही.
उंची पाच फूट तीन.
डिसेंबरात शेजारच्या जिनिंगचा कापूस उडून
सिमेंटवर साचायचा, बाकीचे घसरून पडायचे,
देवानंद घसरतच कड्याखाली पोचायचा.

चौथ्यावर टपरीवर दोन तट.
"भोयरनं एका मॅचमंदी एकतीस टाकले, बाप्पा!"
टाकले. वहीत आहेत.
समोरच्या दारव्ह्याच्या टीमचे तिघे
त्या दिवशी पेपरला बसले होते, हे वहीत नाही.
आणि रहेमान कधी अकराच्या वर गेला नाही,
पण ज्याला चेंडू हवा त्यानं हात वर करायच्या आत
चेंडू त्याच्या हातात.
पासाचा रकाना वहीत नव्हता.
रकाने मीच आखायचो.

मारोती कुमरे तिसरा, किंवा दुसरा,
गुडघा कोणत्या दिवशी बरा होता त्यावर.
टिपेश्वरच्या बाजूनं सायकलीनं यायचा, अनवाणी खेळायचा.
अमरावतीला पंच म्हणाले, बूट पाहिजेत.
मी माझे काढून दिले, दोन नंबर मोठे,
पुढे कोंबायला वहीचं पान फाडलं.
घाईत पाहिलं नाही कोणतं.
आदल्या आठवड्यातली, त्याच्या आयुष्यातली
सगळ्यात मोठी मॅच
त्याच्याच डाव्या बुटात चेंगरून गेली.

आता कड्याचं सांगतो.
चौऱ्याहत्तरला रिंग मागवायला पैसे नव्हते,
लोहारानं जुन्या ड्रमाच्या काठातून वाकवून दिली.
एक्क्याण्णवला नवी आली तेव्हा जुनी उतरवून
सगळ्यांदेखत टेप लावला.
सोळा इंच. नियम अठराचा.
म्हणूनच बाहेरगावची रिंग
आमच्या पोट्ट्यांना विहिरीएवढी दिसायची.
इंगोले सर गणिताचे, लगेच पाटीवर बसले:
क्षेत्रफळाच्या हिशोबानं जुन्यांचे गुण सव्वापट धरा,
वर थोडं.
भोयर नव्या रिंगेवरचा. टपरी दोन दिवस गप्प होती.

पण मला ते टेपाआधी सहा वर्षं माहीत होतं.

प्रमिला उईके.
पोरींची टीम दोनच वर्षं टिकली.
नंतर मुलांच्या सरावात दहावा भिडू कमी पडला
की तिला हाक मारायचे.
सरावाचा स्कोअर कोणी लिहीत नाही.
मी ग्रंथालयाच्या खिडकीतून बघायचो,
रजिस्टरवर पेन तसाच उघडा, शाई वाळायची.
एका संध्याकाळी चेंडू बगलेत धरून खिडकीशी आली,
"बाबूजी, कडं लहान हाये.
चेंडू आत जाताना आंग चोरते, आवाजावरून समजते."
मी म्हणालो, असू दे. पोट्ट्यायले सांगू नको, भेतीन.
ती हसली नाही.
परत गेली आणि लांबून
एकामागोमाग नऊ टाकले,
मला ऐकू यावेत म्हणून.

काल पांढरकवडा डेपोत फोन लावला.
कंडक्टर आहे, पुढच्या वर्षी रिटायर.
म्हटलं, प्रमिला, फोटो पाठव, पहिला नंबर लिहितोय.
"कोन्ती यादी? जोरानं बोला, गाडी सुटून राह्यली."
मग घंटीचे दोन टोले, आणि फोन बंद.

प्राचार्यांनी यादी पाहिली.
गुण किती यांचे, गुल्हानेबाबू?
मी पाणी प्यायला कॅन्टीनला गेलो.
ते कडं आता रांजणाखाली आहे,
रांजण त्यात घट्ट बसतो,
हलवला तरी हलत नाही.